न सारवलेली जमीन

त्या दिवशी सकाळी चिंतामणी उठला तेव्हा जमीन सारवलेली नव्हती. एवढंच झालं होतं. घर जळालं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं. धारच्या रामाच्या देवळाचा पिढीजात पुजारी आपल्याच माजघरात, आपल्याच अंथरुणाच्या कडेला पडलेल्या एका डागाकडे बघत बसला होता. त्यात न पचलेला भात होता, काहीतरी हिरवट होतं, कडेकडेने ते वाळून भेगाळलं होतं आणि मधोमध अजून ओलं होतं. एक माशी त्यात पाय घासत बसली होती. मांजर ओकलं असेल, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, इंदूला रात्री काही बाधलं असेल. आपल्या एवढ्याशा पोरीवर ते ढकलून तो क्षणभर मोकळासुद्धा झाला. मग जिभेवरची चव आणि जमिनीवरचा वास एकच आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला इतकी किळस आली की त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंत मात्र स्वच्छ होती. हाताच्या उंचीपर्यंत तिला नव्याने पांढरी माती लावलेली होती, आणि ती का लावावी लागली असेल, हा प्रश्न त्याला त्या घरात राहून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला.

दुर्गा मोठी टापटिपीची, असं तो चारचौघांत सांगत असे. सांगताना त्याला धन्यता वाटे, कारण सोवळ्याओवळ्याच्या घरात बायको नीटनेटकी मिळणं हे पूर्वसुकृत, असं त्याचे वडील म्हणायचे. सकाळी डोळा उघडावा तर अंथरुणाशेजारी सुपाएवढा तुकडा ताज्या शेणाने सारवलेला असायचा. त्याच्या ओल्या, थंड वासाने डोकं जरा हलकं व्हायचं. खडावा घालून तो तुकडा ओलांडताना त्याचा पाय कधीमधी घसरायचा, आणि एकदा तर तो चिडून म्हणालाही होता, "रोज एकाच जागी काय सारवतेस? बाकीचं घर काय सवतीचं आहे?" चुलीपाशी बसलेल्या दुर्गेने मान वर न करता सांगितलं होतं, "तिथलेच पोपडे निघतात." आणि त्याला ते पटलं होतं! शिकलासवरलेला, पुरुषसूक्त उलटसुलट म्हणणारा माणूस, त्याला पटलं होतं की घरातली जमीन नेमकी त्याच्या उशापाशीच रोज नव्याने उखडते. आता ते आठवून त्याच्या कानशिलांना चटका बसला. ती हसली असेल का तेव्हा? हसली असती तर बरं झालं असतं. पण ती हसली नव्हती हे त्याला पक्कं आठवत होतं.

"चिंतामणी, उठलास का रे?" भिंतीपलीकडून शेजारच्या अक्कांचा आवाज आला. अक्का विधवा, वयाने आईसारख्या, आणि आवाज न चढवता लागेल असं बोलायची त्यांची रीत. "दुर्गा गेली हो माहेरी. उजाडायच्या आत भास्कर टांगा घेऊन आला होता. इंदूलाही नेलंन. मला म्हणाली, अक्का, हे उठले की सांगा, देवासला दारू सोडणाऱ्यांची मंडळी बसते, दर गुरुवारी दुपारी. तिथे जाऊन आले तरच माझ्या दाराशी यावं. नाहीतर येऊच नये." मग अक्का म्हणाल्या, "मी काही ते साफ करायला यायची नाही बरं का. तिने बजावलंय."

म्हणजे भास्कर आत आला होता. मेहुण्याने हे बघितलं होतं. धोतराचा सोगा वर धरून, कडेने पाय टाकत तो इंदूला उचलायला आला असेल आणि चिंतामणी तोंड उघडं टाकून घोरत असेल. चिंतामणीला स्वतःचं उघडं तोंड दिसलं, आणि त्याने ते आता, सकाळी, घट्ट मिटून घेतलं. त्याला वाटलं, आधी हे काढावं. तो उठला, शेणाच्या पाटीपर्यंत गेलाही. पण हात पुढे होईना. दुसऱ्या कोणाचं असतं तर भंग्याला बोलावलं असतं. हे स्वतःचं, स्वतःच्याच पोटातलं, आणि त्याला हात लावायचा म्हणजे ब्रह्मांड आठवत होतं. शेवटी त्याने एक जुना पंचा त्यावर टाकला, पायाने नीट पसरला, विहिरीवर जाऊन घागरीमागून घागरी डोक्यावर ओतून घेतल्या, पूजेचं चुलतभावाला सांगितलं आणि घराला कुलूप घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुलपाच्या आत माशा राहिल्या.

तो काही पिढीजात दारुडा नव्हता. हे तो टांग्यात स्वतःला पुन्हापुन्हा सांगत होता. पौष महिन्यातल्या काकडआरतीला गारठून छातीत कफ धरला, तेव्हा एका डॉक्टराने औषध म्हणून चमचाभर ब्रँडी दिली होती. औषधाला जात नसते. मग चमच्याचा पेला झाला, थंडीचा उन्हाळा झाला आणि बाटलीची जागा कलालाच्या मागच्या दारातून येणाऱ्या मोहाच्या दारूने घेतली. तिला सडक्या फुलांचा आणि जळक्या गुळाचा वास यायचा. पहिल्यांदा त्याला त्या वासाने उलटी झाली होती. पण एक गोष्ट त्याने जिवापाड पाळली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता: शेजारती झाल्याशिवाय त्याने कधी घोट घेतला नाही. सकाळी स्नान, संध्या, सोवळं, मग गाभारा. देवाच्या मूर्तीला पंचामृताने न्हाऊ घालायचं, दह्याचा एकही कण कानामागे राहू द्यायचा नाही, पुसून कोरडं करायचं, गाभाऱ्याची फरशी स्वतःच्या हाताने धुवायची. दारूच्या तोंडाने देवाला कधी शिवला नाही. आज टांग्याच्या हिसक्यांत, घोड्याच्या घामाचा वास नाकात घेत असताना, त्याला हा अभिमानही शिळ्या अन्नासारखा आंबलेला लागला. देवाला शिवला नाही, दुर्गेला शिवला. त्याच तोंडाने. त्या वेळी ती मान एका बाजूला वळवायची, आणि तो समजायचा की लाजते आहे. त्याने टांगा थांबवायला लावला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकारी काढली. पोटात काही नव्हतंच. नुसतं पिवळं पाणी पडलं.

मधली रात्र इंदूरच्या धर्मशाळेत त्याने कुशी बदलत काढली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, क्षिप्रा ओलांडून देवासला उतरला तेव्हा ऊन चढलं होतं, समोर माताजीची टेकडी उन्हात पांढरी झाली होती, आणि त्याचे हात असे कापत होते की टांगेवाल्याने त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. त्याला तहान लागली होती, पण पाण्याची नव्हे. तहान पायांच्या तळव्यांपासून लागली होती. अंगाला येणाऱ्या घामालाही तोच वास होता, म्हणजे इतक्या घागरी ओतून घेऊनही तो वास आतूनच झिरपत होता. आडात आहे तेच पोहऱ्यात येणार, दुसरं काय येणार.

देवास हे गाव शहाण्याला वेड लावणारं. एक गाव, दोन राज्यं. रस्त्याची ही कड थोरल्या पातीची, ती कड धाकट्या पातीची. दोन महाराज, दोन कचेऱ्या, दोन पोलीस. दुर्गेचं माहेर थोरल्या पातीत, म्हणून चिंतामणीने तिकडेच विचारायला सुरुवात केली. आणि पुजारीच तो. मंडळी म्हटली की देऊळ, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं की त्याने दुसरीकडे बघितलंच नाही. एका मारुतीच्या देवळात माणसं डोळे मिटून टाळ्या वाजवत बसलेली दिसली तेव्हा त्याला हायसं वाटलं. गंध लावलेली, धुतल्या कपड्यांची माणसं. अशांत बसायचं असेल तर बसू की, असं म्हणून तो मागे टेकला. बराच वेळ भजन चाललं. कोणी दारूचं नाव काढीना. शेवटी त्याने शेजारच्या गृहस्थाला हळूच विचारलं, "आपण सोडून किती दिवस झाले?"

"काय सोडून?"

"दारू."

गृहस्थ त्याच्याकडे असा बघायला लागला की जणू त्याच्या मांडीवर पाल पडली. मग त्याचं नाक हललं, आणि तो चार हात लांब सरकून बसला. त्याच्या पलीकडचाही सरकला. चिंतामणीच्या भोवती बघता बघता एक रिकामं वर्तुळ तयार झालं, आणि टाळ्या चालूच राहिल्या. तो उठला. चपला घालताना त्याला त्या सगळ्या धुतल्या माणसांचा राग आला, शिसारी आली. त्यांच्या गंधाची, टाळ्यांची, त्यांच्या त्या हलणाऱ्या नाकांची. आणि लगेच आठवलं की आठ दिवसांपूर्वी धारला, देवळाच्या पायरीशी एक दारुडा येऊन बसला होता, तेव्हा आपणही असंच नाक मुरडून त्याच्यावर पाणी शिंपडलं होतं.

चौकात थोरल्या पातीचा शिपाई उभा होता. त्याला विचारलं तर तो मिशीत हसला. "दारूसोड्यांची मंडळी? वो तो उधर है, महाराज. धाकट्या पातीत. जुन्या पागेत. आमच्याकडे दारुडे नाहीत."

"अजिबात नाहीत?"

"होतात तेव्हा रस्ता ओलांडून जातात," शिपाई म्हणाला. "दुकान मात्र आमच्याकडे आहे. ते बघा." त्याने बोट दाखवलं तिकडे कलालाचं दुकान होतं. दारापाशी मातीची मडकी, वर माशांचं मोहोळ. चिंतामणीचे पाय आपोआप तिकडे वळले. खरंच वळले, त्याने वळवले नाहीत. वास आला तेव्हा तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी घशाशी आंबट आलं. एका वासाने दोन्ही होतं, हे त्याला नवं नव्हतं. पण आज दोन्ही एकदम झालं, आणि रस्त्याच्या मधोमध तो तोंडावर हात धरून उभा राहिला. एक पाय थोरल्या पातीत, एक धाकट्या. मग एक बैलगाडी आली, गाडीवान ओरडला, "अरे भिया, मरना है क्या?" आणि गाडी चुकवायला तो ज्या बाजूला सरला ती धाकट्या पातीची निघाली. एवढंच त्याचं पुण्य.

पागेत आता घोडे नव्हते, पण घोड्यांचं मूत भिंतींतून गेलं नव्हतं. आत सतरंजीवर चारसहा माणसं बसली होती. एकाचे डोळे पिवळे हळद, एकाच्या ओठाला जखम, एक नुसताच डोलत होता. ती बघून चिंतामणीला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या पंगतीला आलो. मी यांच्यातला नाही. हे गटारात पडणारे. मी कधी गटारात पडलो नाही. मी घरात पडलो. सतरंजीच्या टोकाला एक म्हातारा मराठा बसला होता, जुना शिलेदार, जगदेवराव. ही मंडळी त्यानेच सुरू केली होती. एक पाय जायबंदी, आवाज मात्र पागेच्या पलीकडे जाईल असा.

"या भटजी. धारहून ना? मोरोपंतांची दुर्गाताई सांगून गेली होती, येतील म्हणून. येतील की नाही ते तिला पक्कं नव्हतं."

दुर्गा इथे येऊन गेली होती. या मुतऱ्या पागेत, या माणसांपुढे. चिंतामणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बोलायला सुरुवात केली. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं: चमचाभर औषध, पौषातली थंडी, देवाला न शिवणं, शेवटी बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. पण जगदेवरावाने हात वर केला.

"बोलायचं नंतर. शपथ तर लई नंतर. शपथा आम्ही सगळ्यांनीच घेतल्यात, पोतं भरेल इतक्या. इथली रीत अशी, की नवा माणूस आधी सेवा करतो. तिकडे कोपऱ्यात बघा."

कोपऱ्यात, जिथे पूर्वी घोडा बांधत असतील तिथे, गवतावर एक माणूस पडला होता. तिशीतला असेल, की पन्नाशीचा, कळत नव्हतं. तो थरथरत होता. सकाळीच शेवटची पिऊन इथे आला होता, आणि आता ती त्याच्या पोटातून परत येत होती. छातीवर, दाढीत, गवतावर सगळीकडे ती होती, आणि खाली दुसरंही काही होतं. शेजारी पाण्याची बादली आणि फडकी ठेवली होती.

"याला स्वच्छ करायचं," जगदेवराव म्हणाला.

"याची जात कोणती?" चिंतामणीच्या तोंडून आपसूक निघालं.

"माणसाची विचारता की ओकारीची?"

सतरंजीवर कोणी हसलं नाही. चिंतामणी म्हणाला, "एखादा भंगी बोलवा, मी सांगतो त्याला." जगदेवराव अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या घरी कोणता भंगी येत होता, भटजी?"

तेव्हा तो गुडघ्यांवर बसला. काही मोठं मन करून बसला नाही. त्याने फडकं बुडवलं, डोळे मिटले, तोंड फिरवलं आणि हात पुढे केला. पण तोंड फिरवून साफ करता येत नाही. बोटांना लागतं ते काय आहे हे बघावंच लागतं, नाहीतर ते पसरतं. त्याने डोळे उघडले. ऊन पडल्यावर फुलं सडावीत तसा वास, त्यात पित्त, त्यात माणूस. त्याला दोनदा उमळून आलं, दोनदा त्याने ते गिळलं. दाढीत अडकलेलं बोटांनी एकेक काढावं लागलं. तो माणूस मधेच शुद्धीत येऊन त्याच्या हाताला झोंबला, शिवी दिली, "छोड, रांडेच्या!" आणि मग रडायला लागून त्याने चिंतामणीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तिथेच पुन्हा ओकला. गरम. धोतरातून कातडीपर्यंत गेलं. चिंतामणी किंचाळला असता, पण त्या माणसाचं डोकं खाली दगडावर आपटेल म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि धरलेलं सोडता येईना. डोकं जड होतं. पिऊन पडलेल्या माणसाचं डोकं इतकं जड असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. माझं डोकं ती एका हाताने धरायची की दोन्ही? आणि दिवा? दिवा कुठे ठेवायची? इंदू रडत असेल तेव्हा काय करायची? आणि मीही शिव्या दिल्या असतील. मी कोणत्या शिव्या दिल्या? त्याला एकही आठवेना, आणि आठवेना याचीच त्याला सगळ्यांत जास्त किळस आली. वर्षानुवर्षं एका बाईने रोज हे केलं होतं, आणि तो जणू त्या घरात नव्हताच. देवाच्या कानामागचं दही काढताना त्याचे हात जसे अलगद चालत, तसे ते आता चालत नव्हते. ते रागाने, घाईने, चिडून चालत होते. पण काम होत होतं. गवत बदललं, जमीन धुतली, माणसाचं तोंड पुसलं. भक्ती वगैरे काही वाटली नाही. नुसती शिसारी वाटली आणि काम संपलं.

त्याला कोणी शाबासकी दिली नाही. जगदेवराव एवढंच म्हणाला, "आता बसा." तो सतरंजीवर बसला, पिवळ्या डोळ्यांच्या माणसाशेजारी, आणि कोणी सरकलं नाही. बोलायची पाळी आली तेव्हा औषधाचा चमचा, पौषातली थंडी, सगळं कुठल्या कुठे गेलं. तो म्हणाला, "मी पितो. आणि मला वाटायचं, जमिनीचे पोपडे निघतात." कोणी काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, असं दिसलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो रस्ता ओलांडून सासऱ्यांच्या, मोरोपंतांच्या घरी आला. कपडे बदलायला दुसरे नव्हते, आणि खरं म्हणजे त्याला ते सुचलंही नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तो इतका शुद्धीवर होता की आपण किती घाण दिसतो हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. दार भास्करने उघडलं आणि दोन पावलं मागे गेला.

"चिंतामणराव! आज सुद्धा? निदान आजचा दिवस तरी?"

"मी घेतलेली नाही," चिंतामणी म्हणाला. "देवाशपथ, थेंबसुद्धा नाही." आणि म्हणता म्हणताच त्याला ऐकू आलं, की हे शब्द त्याने याआधी अगणित वेळा, नेमके याच आवाजात, याच शपथेसकट म्हटलेले आहेत. खरं आणि खोटं बोलायला त्याच्यापाशी एकच वाक्य उरलं होतं. भास्करने दाराला हात घातला.

"थांब, भास्कर." आतून दुर्गा आली. तिच्या मागे, खांबाला धरून, इंदू उभी होती. दुर्गा उंबऱ्याबाहेर आली, त्याच्या अगदी जवळ, रस्त्यावरची माणसं बघत असताना. "तोंड उघडा," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. रामाच्या पुजाऱ्याने भर रस्त्यात, लहान पोरासारखं, आ केला. तिने वास घेतला. मग त्याच्या धोतराकडे बघितलं, हातांकडे बघितलं, नखांत राहिलेलं बघितलं.

"घेतलेली नाही," ती भास्करला म्हणाली.

"अगं ताई, हा एवढा भपकारा येतोय, आणि—"

"तो दुसऱ्याचा आहे. मला कळतं." मग ती चिंतामणीकडे वळली. "कोणाचं काढलंत?"

"नाव नाही विचारलं," तो म्हणाला. आणि मग, वाटेत कुठेही जुळवून न ठेवलेलं, त्याच्या तोंडून आलं, "तू हे कसं केलंस, दुर्गे? रोज?"

त्याच्या देखत, डोळ्याला डोळा भिडवून, तिने पदराचं टोक उचललं आणि नाकाला लावलं. लग्न झाल्यापासून त्याच्यासमोर तिने हे कधी केलं नव्हतं. तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि त्या डोळ्यांत नुसती किळस होती. इतकी जुनी, इतकी दाबून ठेवलेली किळस, की तिला पदर पुरत नव्हता.

"मला नाही सोसवत," ती म्हणाली. "कधीच सोसवत नव्हतं."

चिंतामणी ओशाळला नाही, रागावला नाही. त्याने वाऱ्याकडे बघितलं. वारा त्याच्याकडून तिच्याकडे वाहत होता. तो पायरी उतरला, मग आणखी मागे सरला, रस्त्यात, वारा तिच्या बाजूने येईल अशा जागी जाऊन उभा राहिला. गाड्या त्याला चुकवून जायला लागल्या. दुर्गेने पदर खाली घेतला आणि एकदा पोटभर श्वास घेतला.

"तिथूनच बोला," ती म्हणाली. "ऐकते मी."